दोन उजेडांमधला काळोख

मे महिना सरत आला आणि वळवाचे एकदोन पाऊस होऊन गेले, की काजव्यांचे फोटो दिसू लागतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची, सिद्धगडाचा परिसर अशी ठिकाणे बदलतात, पण फोटो बहुतेक एकाच साच्यातले असतात. मधोमध एक डेरेदार झाड आणि त्याच्या फांदीफांदीवर हजारो हिरवट-पिवळे ठिपके, जसे काही लग्नाच्या मांडवावर दिव्यांच्या माळा सोडल्या आहेत. हे फोटो काढायला कष्ट पडतात आणि त्यांतले काही खरोखर देखणे असतात, हे मला मान्य आहे. तरीही अशा झाडाखाली ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला हा फोटो पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. फोटोतले झाड सतत पेटलेले असते. प्रत्यक्षातले झाड पेटते आणि विझते.

हे पेटणे-विझणे ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. काजवा हा माशीच्या नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफरेज हे विकर ती क्रिया घडवून आणते आणि जवळजवळ उष्णतेवाचून उजेड निर्माण होतो. आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायी खात जातो आणि पंख फुटल्यानंतर हाती उरतात ते जेमतेम काही आठवडे. त्या आठवड्यांत जोडीदार शोधण्यासाठी नर लुकलुकतात. सह्याद्रीच्या या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते मोठ्या संख्येने जमतात. आधी प्रत्येकाची लय वेगळी असते, मग शेजाऱ्याचे पाहून शेजारी सावरतो आणि पाहता पाहता अख्ख्या फांदीची, कधी अख्ख्या झाडाची लय एक होते. सगळे झाड एकदम उजळते आणि लगेच एकदम नाहीसे होते. त्या नाहीसे होण्याने अंगावर काटा येतो. डोळ्यांत उजेडाचा ठसा उरलेला असतो, समोर झाड नसते, आणि ते पुन्हा येणार हे ठाऊक असूनही क्षणभर खात्री वाटत नाही.

मला हवा होता तो या काळोखाचा फोटो. पण काळोख हीच गोष्ट कॅमेऱ्याला मोजता येत नाही. कॅमेरा उजेड साठवतो. शटर उघडे असताना जे जे उजळले, ते सगळे तो एकावर एक रचत जातो आणि मधल्या वेळात काही उजळले नाही याची नोंद कुठेही करत नाही. दोन लुकलुकींमधला अंधार त्याच्या हिशोबात शून्य असतो, आणि शून्य कितीही वेळा मिळवले तरी बेरीज बदलत नाही.

फोटो म्हणजे गोठवलेला क्षण, असे आपण सहज म्हणतो. पण या माध्यमाच्या जन्मापासूनच ते अर्धवट खरे आहे. छायाचित्रणाचा एक जनक मानला जाणारा दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांचे होते. रस्ता वाहता होता, पण चित्रात तो ओस दिसतो, कारण गाड्या, घोडे आणि पादचारी कोणीच एका जागी पुरेसे थांबले नाहीत. उमटला तो एकच माणूस, जो बूट पुसून घेण्यासाठी उभा होता, आणि त्याच्याबरोबर पुसणाऱ्याची अस्पष्ट आकृती. म्हणजे वेळ जास्त झाला की हलणारे पुसले जाते. हिरोशी सुगिमोतो या जपानी छायाचित्रकाराने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटगृहांत मोठा कॅमेरा लावून सबंध चित्रपट चालेपर्यंत शटर उघडे ठेवले. पडद्यावर माणसे हसली, रडली, भांडली असतील. फोटोत मात्र त्या सगळ्यांची बेरीज होऊन एक लखलखीत पांढरा चौकोन उरला आणि त्याच्या उजेडात सभागृहाचे नक्षीकाम तेवढे स्पष्ट दिसू लागले. एका चौकटीत किती वेळ भरायचा, हा निर्णय या दोन्ही चित्रांचे मर्म आहे. दागेरचा तो नाइलाज होता, सुगिमोतोची निवड.

काजव्यांच्या फोटोत हाच प्रश्न उलट्या अंगाने येतो. इथे पार्श्वभूमी काळी आणि हलणारी वस्तू स्वतः प्रकाशमान असते, त्यामुळे हलणारे पुसले न जाता साचत जाते आणि जे अंधारात आहे ते हलले काय किंवा स्थिर राहिले काय, दिसतच नाही. (ज्यांच्या घरी मी उतरते ते यजमान एकदा शटर उघडे असताना कॅमेऱ्यासमोरून सावकाश चालत गेले आणि फोटोत त्यांचा मागमूस नव्हता. त्यांना हे फार आवडले.) साचलेल्या प्रकाशाचे करायचे काय, हे ठरवले नाही तर मांडवावरच्या माळा आपोआप तयार होतात.

काम दिवसाउजेडी सुरू होते. रतनवाडी-घाटघर बाजूच्या ज्या वाडीत मी उतरते, तिथे दुपारचे ऊन कलल्यावर झाडे पाहत हिंडणे हा माझ्या दृष्टीने फोटोचा सर्वांत मोठा भाग आहे. मी नेहमी आकाराने मोहून झाड निवडत असे, पण काजव्यांच्या पसंतीचे निकष वेगळे असतात. यजमानांना मी मामा म्हणते. मामांनी मी निवडलेल्या एका देखण्या, एकट्या उभ्या झाडाकडे बघून नुसते डोके हलवले. “त्याव नाय बसायचे ते, ताई. वढ्याकडच्या सादड्याव बसत्यात.” ओढ्याकडचा सादडा आकाराने ओबडधोबड, एका अंगाला कललेला, मागे दुसऱ्या झाडांची गर्दी. पण त्याच्या डाव्या हाताला भाताचे खाचर होते आणि खाचराच्या कोपऱ्यात रोपांसाठी भाजलेल्या राबाचा काळाभोर तुकडा. फोटो सुचला तो त्या काळ्या तुकड्याकडे पाहताना.

झाडावर बसलेला काजवा एकाच जागी पुन्हा पुन्हा लुकलुकतो, त्यामुळे सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पृष्ठभागावरच्या, त्याच त्या बिंदूवर उजेड साचतो आणि दहा लुकलुकी मिळून एकच, जास्त उजळ ठिपका तयार होतो. त्याची लय हरवते. उडणारा काजवा मात्र लुकलुकत लुकलुकत पुढे सरकत असतो. तो उजळला की एक छोटी रेघ उमटते. विझला की तो अंधारात काही अंतर पुढे जातो. पुन्हा उजळला की थोडे पलीकडे दुसरी रेघ. शटर मिटल्यावर हाती येते ती तुटक रेषा. तिच्यातल्या रेघा म्हणजे उजेडाचा काळ आणि मोकळ्या जागा म्हणजे अंधाराचा. जो काळोख कॅमेऱ्याला वेळ म्हणून मोजता येत नव्हता, तो आता अंतर म्हणून मोजता येत होता. म्हणून चौकट बदलली. झाड मधोमध ठेवण्याऐवजी उजव्या कडेला सरकवले, त्याचा थोडा भाग चौकटीबाहेर जाऊ दिला आणि डावीकडचा दोन तृतीयांश भाग खाचराच्या आणि राबाच्या काळ्या मोकळेपणाला दिला. दिवसाउजेडी ही चौकट अगदी नीरस दिसत होती. एका कडेला अर्धे झाड, बाकी रिकामे शेत.

यातले तंत्र ज्यांना कोरडे वाटते त्यांनी हा परिच्छेद ओलांडायला हरकत नाही, पण माझ्या लेखी निर्मिती तिथेच घडते. रात्रीच्या फोटोत एरवी आपण शटरचा वेळ वाढवून उजेड वाढवतो. उडणाऱ्या काजव्याला हा नियम लागू होत नाही. तो सेन्सरच्या कोणत्याही एका बिंदूवरून क्षणार्धात निघून जातो, त्यामुळे शटर पाच सेकंद उघडे राहिले काय आणि पन्नास सेकंद राहिले काय, त्याच्या रेघेची उजळता तितकीच राहते. ती ठरते अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) यांवर. उलट आकाश, झाडाचा आकार, शेताचा बांध हे स्थिर असल्यामुळे त्यांची उजळता शटरच्या वेळेबरोबर वाढत जाते. म्हणजे एकाच चौकटीतले दोन उजेड दोन वेगवेगळ्या कळांनी हाताळता येतात. मी एफ २.८ आणि आयएसओ ३२०० वर रेघांचा रंग पाहून थांबले. याहून जास्त केले तर रेघेचा गाभा पांढरा पडतो आणि ५५०-५७० नॅनोमीटरच्या आसपासचा तो पिवळसर हिरवा रंग, जो काजव्याची ओळख आहे, तोच जातो. शटरचा वेळ ठेवला २० सेकंद. एक काजवा चौकटीतला मोकळा भाग साधारण तेवढ्या वेळात ओलांडतो, हे आदल्या रात्री नुसते बसून पाहिले होते. हा आकडा महत्त्वाचा होता. दोन फ्रेमच्या मधे कॅमेरा एखादा सेकंद थांबतो, आणि त्या थांब्यात काजव्याची रेषा तुटली तर ती तूट कॅमेऱ्याची असते, काजव्याची नव्हे. पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही, पण मला तो खोटेपणा नको होता. रेषेतला प्रत्येक खंड काजव्यानेच पाडलेला असावा, म्हणून एक उड्डाण शक्यतो एकाच फ्रेममध्ये पुरे व्हायला हवे. त्याच कारणासाठी कॅमेऱ्यातली नॉइज (चित्रात उमटणारे नको ते दाणे) कमी करणारी सोय बंद ठेवली, कारण ती प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ शटर मिटून बसते.

तिथीही पाहावी लागते. अमावास्या सर्वांत चांगली असे समजले जाते. मला मात्र शुद्ध तृतीयेच्या आसपासची रात्र आवडते. चंद्राची कोर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मावळतीकडे असते, तिचा उजेड काजव्यांना त्रास व्हावा इतका नसतो, आणि तेवढ्या अवधीत झाडाच्या कडा आणि डोंगराची रेघ अंधारातून हळूच सुटी होते. मेच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर अर्ध्या तासात आकाश गडद निळे असताना ट्रायपॉड पक्का रोवून, फोकस झाडाच्या बुंध्यावर साधून, लेन्सची कडी चिकटपट्टीने जखडून टाकली आणि खालचा थर म्हणून एक फ्रेम घेतली. यानंतर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, बॅटरी लावायची नाही, मोबाइलचा पडदासुद्धा उघडायचा नाही. हे काही केवळ फोटोसाठी नाही. कृत्रिम उजेड पडला की काजव्यांच्या लुकलुकीला प्रतिसाद मिळेनासा होतो, आणि ज्यांच्या हाती काही आठवडेच आहेत त्यांची एक रात्र आपल्या हौसेपायी वाया घालवणे कोणत्याही सौंदर्यशास्त्रात बसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर आणि वाहनांच्या दिव्यांवर बंधने घातली, त्याची काही पर्यटक तक्रार करतात. मला ती बंधने कमीच वाटतात.

आठच्या सुमाराला पहिला काजवा राबावरून गेला. त्यानंतरचा वेळ मी बांधावर बसून शटरचा आवाज मोजत होते, म्हणजे खरे तर काहीच करत नव्हते. फोटो काढणारा माणूस त्या वेळी सतर्क, एकाग्र वगैरे असतो अशी समजूत आहे. इथे सगळे निर्णय आधीच झालेले असतात आणि काजव्यांनी कुठून जावे यावर आपला काही अधिकार नसतो. मधेच रतनगडाच्या मागे वळवाची वीज चमकली, ढगांच्या कडा जांभळ्या झाल्या आणि क्षणभर सगळे शेत दिसले. आवाज आला नाही, इतकी ती लांब होती.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळ्यांना आवडली ती तीच विजेची फ्रेम. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर पाहिली, तेव्हाही ती नाट्यमय होती. डोंगर, ढग, झाड सगळे जागच्या जागी. तिला अंतिम चित्रात घ्यावे की नाही यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी ती वगळली. वीज आली की डोळा आधी तिच्याकडे जातो आणि काजवे खालची सजावट होऊन बसतात. लक्षवेधी फोटो आणि लक्ष नको तिकडे ओढणारा फोटो यांत फरक करणे हे निवडीच्या टेबलावरचे सर्वांत अवघड काम आहे, कारण दोन्ही पहिल्या नजरेला सारखेच आनंद देतात.

मग राहिला प्रश्न किती फ्रेम एकत्र करायच्या याचा. संगणकावर हे थर ‘लाइटन’ पद्धतीने रचतात, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी सगळ्या थरांतला सर्वांत उजळ बिंदू तेवढा घेतला जातो. यात उजेडाची बेरीज होत नाही, त्यामुळे रंग टिकतो. पण थर वाढत गेले की ठिपके आणि रेषा दाटत जातात. रात्रभराच्या सगळ्या फ्रेम टाकल्या, तेव्हा झाड पिवळ्या धुक्यासारखे दिसू लागले आणि राबावरच्या रेषा एकमेकींना छेदून त्यांचे जाळे झाले. कोणती रेघ कोणत्या काजव्याची ते सांगता येईना. सुगिमोतोचा पांढरा चौकोन जवळ येत चालला होता. तेव्हा एकेक थर काढून टाकायला सुरुवात केली. कसोटी एकच ठेवली. डाव्या बाजूची कोणतीही तुटक रेषा बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवता आली पाहिजे. या कसोटीला उतरेपर्यंत बहुतेक फ्रेम बाहेर गेल्या. उरल्या त्यांत झाडावरचे ठिपके विरळ आहेत, काही फांद्या चक्क रिकाम्या आहेत. पण राबावर पाच-सहा रेषा उमटल्या आहेत आणि त्यांतली एक, सगळ्यांत खालची, बांधाच्या उंचीवरून निघून वळणे घेत झाडाच्या काळ्या पोटात शिरते. रेघ, खंड, रेघ, खंड. तिचे खंड रेघांपेक्षा लांब आहेत. काजवा उजेडात असतो त्यापेक्षा अंधारात जास्त असतो, हे मला त्या रेषेकडे पाहताना पहिल्यांदा नीट कळले. समोर बसून पाहताना डोळा उजेडच मोजत होता.

अशा रचलेल्या फोटोला काही जण फोटो मानायला तयार नसतात. त्यांना मी अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाच्या फोटोची आठवण करून देते. १९४१च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या त्या खेड्याशेजारून जाताना मावळत्या उन्हात चमकणारे कबरस्तानातले क्रूस आणि वर आलेला चंद्र पाहून तो गाडीतून उतरला. एक्स्पोजर मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची उजळता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे आठवून त्याने हिशोब केला आणि एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले; दुसरी प्लेट घेईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. ही गोष्ट एका सेकंदाच्या चमत्काराची म्हणून सांगितली जाते. पण तिचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. १९४८ मध्ये त्याने त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तिथला उजेड-सावलीतला फरक वाढवला, आणि पुढची कित्येक वर्षे डार्करूममध्ये प्रत्येक प्रत नव्याने छापताना आकाश अधिकाधिक काळे करत नेले. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. नंतरच्या प्रतींत तिथे जवळजवळ पूर्ण काळोख आहे. निगेटिव्ह ही संगीतरचना आणि छापणे हे तिचे सादरीकरण, असे तो म्हणत असे. एका सेकंदाच्या उजेडातून त्या काळोखापर्यंत पोहोचायला त्याला कित्येक वर्षे लागली.

म्हणून माझ्या फोटोचा मोठा भाग छपाईने घेतला. झगझगीत कागदावर काळा रंग खोल येतो, पण खोलीतले दिवे त्यात दिसतात. मॅट कागदावर प्रतिबिंब नाही, पण काळा थोडा राखाडी होतो. मी मॅट घेतला. राबाचा काळा आणि आकाशाचा काळा वेगवेगळे राहावेत, एकात एक मिसळू नयेत, यासाठी आकाशात निळ्याची जरा कुणकुण ठेवली. झाडाला मात्र हात लावला नाही. फांद्या उजळ केल्या असत्या तर लोक झाड पाहत बसले असते.

खरेखोटेपणाचा माझा नियम साधा आहे. एक जागा, एक रात्र, न हललेला कॅमेरा. जे नव्हते ते आणायचे नाही, आणि किती मिनिटांचा उजेड एकत्र केला आहे ते फोटोखाली लिहायचे. वन्यजीव छायाचित्रणाच्या ज्या स्पर्धांमध्ये अनेक फ्रेम जोडणे चालत नाही, तिथे हा फोटो पाठवायचा नाही, आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही. तिथल्यासाठी त्याच रात्रीची एक सुटी फ्रेम आहे. तिच्यात दोन रेषा आणि बाकी सगळा अंधार.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर हा फोटो इतका लहान होतो की रेषांमधले खंड बुजून जातात, तुटक रेषा सलग होते आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच जाते. त्यामुळे तो मी कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. पाहायचा असेल त्याने घरी यावे. काही जण येतातही, आणि भिंतीसमोर उभे राहून बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की याचा फोटो काढून घेऊ का.